रमेशच्या कापडावरच्या लाटा

६ जानेवारी ९९
जिग्नेशभाईंचा डिजिटल कॅमेरा आज मार्केटातल्या आमच्या साड्यांच्या स्टुडिओत लागला. रोल नको, धुणं नको, बटण दाबलं की साडी थेट कॉम्प्युटरवर. धाकटे शेठ ते, सारखे हात चोळत होते. मला कॅमेऱ्यापेक्षा त्याच्याबरोबर आलेली लेन्स आवडली. हातात घेतली की खाली ठेववत नाही. माझी जुनी लेन्स कडांना ढिली पडते हे मला पहिल्यापासून ठाऊक, पण संसारात असं बोलून दाखवायचं नसतं.
दोन्ही लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांना बसतात. म्हणजे जुनीला निरोप द्यायची घाई नाही.

९ जाने.
रमेशचा माल आला. माझ्या बायकोचा, विमलचा, धाकटा भाऊ. इतकी वर्षं दुसऱ्याच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूम चालवले, आता उधन्याला दोन-चार भाड्याने घेतलेत. त्याचा स्वतःचा हा पहिला माल. केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा, राखाडीवर निळ्या. हातात घेतल्यावर मीच वा म्हणालो. मेव्हण्याचं कौतुक मी सहसा करत नाही.
नव्या कॅमेऱ्याने, नव्या लेन्सने फोटो काढला. स्क्रीनवर साडीभर लाटा. वाकड्यातिकड्या, पिवळ्या-जांभळ्या, पाण्यावर तेल सांडल्यावर दिसतं तशा.
जि.भाई म्हणाले, "पाटीलभाऊ, आ कापडमां लहर छे, जुओ." आणि माल बाजूला ठेवायला सांगितला. सगळे ताके.
मीच ते उचलून ठेवले. बोलायला हवं होतं.

१० जाने.
रमेश घरी आला. ताका खांद्यावरच. चटईवर उलगडला, माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. "कोठे सेत लाटा, दखाडा दाजी. काहीच लागस नही."
खरंच काही लागत नव्हतं. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, ढिला असेल, ताण कमी-जास्त झाला असेल, असं मी उगाच सुचवत बसलो. तो ऐकून घेत होता. हे विणकराला शिकवणं म्हणजे कमालच. विमलने चहा दिला, मला साखर घालायची विसरली. विसरली नसावी.
माल पास होईपर्यंत पुढचा बीम भरायचा नाही असं त्याने ठरवलंय. लूम बंद.

१२ जाने.
साडी पुन्हा इस्त्री केली. दिवे हलवले. नवी लेन्स पुसली, तिच्यावर काही नव्हतंच. लाटा आहेत तिथेच.
मग जुनी लेन्स लावली, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून; तेव्हा ती मधोमधही ढिली. लाटा गायब! जि.भाई लगेच, "नवी लेन्स ज खराब छे. पाछी मोकली दईए."
मला ती परत द्यायची नव्हती, खरं सांगतो. नीट बघितलं तर जुनीच्या फोटोत लाटांबरोबर रेघाही गायब. साडी सपाट राखाडी. हे कुणाला विकणार?
परत पाठवायला दोन दिवस थांबा म्हणालो. थांबतायत.

१४ जाने., उत्तरायण
सगळं सुरत गच्चीवर. बोटं मांज्याने कापलेली, खाली उंधियूचा वास. मला पतंग जमत नाही, मी फिरकी धरणारा.
विमल दुपारी मच्छरदाणी वाळत घालत होती. जाळी दुहेरी झाली, एक थर दुसऱ्यावरून सरकला आणि ती हसायलाच लागली. "आवो, हाई देखा. रमेशना दोष आठे बी वना."
खरंच इथेही आला होता, दोन थरांच्या मध्ये लाटा. तशाच. जाळी ओढली की पळायच्या, थांबवली की थांबायच्या. एकेरी जाळीत काहीच नाही.
एक जाळी रमेशच्या रेघांची. दुसरी कुठली?
फिरकी शेजाऱ्याकडे देऊन खाली आलो. त्याचा पतंग कटला म्हणे. माझ्यामुळे.

१५ जाने.
जि.भाईंना विचारलं, रोलच्या जागी आत काय असतं? त्यांनी कॅमेऱ्याचं पुस्तक उघडून मन लावून वाचलं. सेन्सर. नखाएवढी पट्टी, तिच्यावर ओळीने बारीक चौकोन. सापडली दुसरी जाळी.
कॅमेऱ्याची तिवई पाऊलभर मागे घेतली. लाटा बदलल्या. साडी जरा तिरकी केली. लाटा भलतीकडेच वळल्या. कापडातला दोष असा जागा सोडून हिंडत नाही. हे आधी जि.भाईंच्याच लक्षात आलं. स्वतःच तिवई पुढे-मागे करत बसले, जेवायलाही उठेनात. माणूस दिलदार आहे, फक्त घाईचा.

१९ जाने.
लेन्सचा निकाल मात्र राहिला होता. भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली, कोपऱ्यापर्यंत. दोन्ही लेन्स, दोन्ही कॅमेरे. रोलच्या कॅमेऱ्यात सगळ्यात बारीक दाण्याचा रोल घातला.
कॉम्प्युटरवर बघून जि.भाई म्हणाले, "बेउ सरखी ज छे." खरंच, दोन्ही सारख्याच. मलाही फरक सांगता येईना.
आणि रोल धुऊन आला तर जमीन-अस्मानाचा फरक! नवीमध्ये कोपऱ्यातली छोट्या जाहिरातींची अक्षरंसुद्धा वाचता येतात. जुनीत कोपरे लोण्यासारखे.
आता कळतंय. सेन्सर रोलपेक्षा लहान, तो चित्राचा मधलाच तुकडा घेतो. जुनीचे वाईट कोपरे बाहेरच राहतात, झाकली मूठ. आणि चौकोन इतके मोठे, की नवी जे बारीक देते ते त्यांत मावत नाही. अक्षरं असतील तर दोघी सारख्या दिसतात. रमेशच्या रेघा असतील तर न मावलेलं लाटा होऊन बाहेर येतं. चांगली लेन्स नापास, ढिली पास.
परीक्षा लेन्सची घेतली म्हणायची की सेन्सरची? आजवर वर्तमानपत्र चिकटवून, जाड दाण्याचा रोल घालून मी किती लेन्सना नावं ठेवली असतील.
रमेशच्या साडीचा रोलवरचा फोटोही आला. एकेक रेघ मोजून घ्यावी. लाट एकही नाही.

२३ जाने.
रमेशला मार्केटात बोलावलं. जि.भाईंनी दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले, वर स्वतःच त्याला मच्छरदाणीची गोष्ट सांगितली. माल पास! मी रमेशच्या पाठीवर थाप मारली, त्याने माझ्या.
मग जि.भाई चहा ओतता ओतता म्हणाले, "कापड सारुं ज छे, भाई. पण वेपारी तो फोटो ज जोशे ने?" पुढचे सगळे कॅटलॉग नव्या कॅमेऱ्यावरच होणार. रोलची वाट बघायला कुणी तयार नाही. तेव्हा हा माल घेतला, पुढचा रेघा रुंद करून दे. कॅमेऱ्याला झेपेल असा.
मला राग आला. गिळला. शेठच्या केबिनमध्ये गिळायचाच असतो.
रमेशने मात्र लगेच मान डोलावली. "करी देसू."
येताना दोघांनी गाडीवर पोंक खाल्ला. तो म्हणाला, आपल्या हुरड्याची सर नाही.

३० जाने.
उधन्याला लूम सुरू. विमलच्या चहात आता साखर जरा जास्तच.

५ फेब्रुवारी
रमेशचा नवा ताका आला. बोटभर रेघा. शाळेच्या सतरंजीची आठवण झाली, पण स्क्रीनवर काय सुरेख! स्वच्छ, ठसठशीत, लाट नावाला नाही. जि.भाईंनी रमेशला फोन लावला, "हवे कापड सुधरी गयुं!"
फोटो मीच काढला. चांगला आलाय. वाईट त्याचंच वाटतं.

७ फेब्रु., रविवार
मार्केट बंद. जि.भाईंना सांगून नवी लेन्स घरी आणली, रोलच्या कॅमेऱ्याला लावली. बारीक रेघांची एक साडी रमेशने बहिणीसाठी ठेवली होती. विमलने ती नेसली. गच्चीत उभी केली, तर म्हणते, "बाहुलीसारखी कितला येळ उभी ठेवणार?"
रमेश आला होता. माझ्या मागे उभा राहून बघत होता, कॅमेऱ्याकडे नाही, पदराकडे. वाईट वाटतं का, असं शेवटी विचारलंच. तो हसला. म्हणाला, "मना हात भुलावत नही. तुमना कॅमेरा शिकना का माले सांगज्या, दाजी. परत भरसू बीम."
नक्की सांगतो, म्हणालो. कॅमेरा कधी शिकणार, हे जि.भाईंच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.
रोल अजून कॅमेऱ्यातच आहे.