लग्नातला काळा ड्रेस

बाबा, तुम्हाला माझी लाज वाटायची हे मला माहीत होतं, आणि एकदा तुम्ही ते तोंडावर सांगितलंतही. इतक्या वर्षांनी त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी पुरती काळी झाले. काळा लेसचा टॉप, काळा घेरदार स्कर्ट, काळी लिपस्टिक, डोळ्यांबाहेर लांब ओढलेलं काजळ, गळ्यात साखळ्या. आई रडायला लागली. तुम्ही कापडाचं दुकान बंद करून गांधीबागेतून नुकतेच आला होतात. चपला काढता काढता माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "हे का होय वं?" मी म्हटलं, "गॉथ." तुम्ही एकदम घाबरलात. "गाठ? कुठी? डॉक्टरले दाखवलं का?" आई रडता रडता हसली. मी मात्र चिडून समजावत बसले, की ही राहण्याची एक तऱ्हा आहे, तिचं वेगळं संगीत आहे, आम्हाला अंधारात आणि उदासीतही काहीतरी सुंदर दिसतं, म्हणून काही आम्ही कोणाचं वाईट चिंतत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं. पण दुकानात येशीन तं मागच्या गल्लीतून येत जा." तेव्हाच मला कळलं होतं.

नागपुरात आम्ही असे चौघंच होतो. रामदासपेठेतल्या एका कॅफेत भेटायचो. उदास का दिसतेस असं विचारायचं नाही, न सांगता फोटो काढायचा नाही, केसांना हात लावायचा नाही, असे आमचे आपसातले रिवाज होते. बाहेर ते कोणाला ठाऊक असणार? सिग्नलवर पोरं "ए चुडैल" म्हणून ओरडायची आणि मोबाईल काढायची. शेजारच्या काकू जिन्यात दिसल्या की विचारायच्या, "कोणी गेलं का वं?" मी मान ताठ ठेवून चालायचे. मला वाटायचं, ही ताठ मान माझी एकटीची कमाई आहे.

मग चुलतबहिणीचं लग्न आलं. सख्ख्या काकूनं, नवरीच्या आईनं, आईला आधीच फोन करून ठेवला होता, पोरीला सांगा रंगीत घालायला. तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभे राहिलात, आत आला नाहीत. "एकच दिवस घाल. तुले पाहिजे तो कपडा दुकानातून ने." मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत.

कार्यालयाच्या दारात तुम्ही फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करत उभे आहात. मी ऑटोतून उतरते, डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात. नवरदेवाची मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणते, "अगबाई! शुभकार्यात हे काय ध्यान? कोणाची होय ही?" बाजारातले तुमचे ओळखीचे व्यापारी तिथेच आहेत. तुमचे कान लाल झालेले मला दिसतात. मला वाटतं, आता तुम्ही मान फिरवणार. "माही होय," तुम्ही म्हणता, "पंगत बसून राहिली, चला जेवाले." आणि पंगतीत सरळ माझ्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसता. माझ्या दुसऱ्या बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहते. तुम्ही वरणभात कालवता, नुसताच कालवत राहता. उठत मात्र नाही.

परत येताना स्कूटरवर मागून मी विचारलं, "तुम्हाला माझी लाज वाटते ना?" तुम्ही सिग्नलला स्कूटर थांबवलीत. मग म्हणालात, "वाटते. खोटं काहून बोलू? पण लाज वाटते म्हणून तुले एकटी बसू देऊ का?" मला त्यातलं फक्त पहिलं ऐकू आलं. पुढे कित्येक महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही. चहाचा कप समोर ठेवायचे आणि निघून जायचे. तुम्ही, "साखर कमी आहे वं," असं काहीतरी म्हणून पाहायचात. मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

आणि मग तुमच्या छातीत दुखलं. मी धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरी आणलं तेव्हा माणसांनी घर भरलं होतं, आणि मी होते तशीच, काळ्यात, काळ्या ओठांनी. काकूनं एक पांढरा पंजाबी ड्रेस माझ्या हातात दिला. "आज तरी काळं नोको वं. लोक पाहून राहिले." लग्नात कोणाचंही न ऐकलेली मी तो घेऊन बाथरूममध्ये गेले आणि ओठ हुळहुळेपर्यंत घासले. काकूचं काही चुकलं नाही, आपल्यात पांढरंच घालतात. पण मी रिवाज म्हणून बदलले नाही, तुमच्यासाठीही नाही. लोक पाहत होते, म्हणून बदलले. बाहेर येऊन बसले तेव्हा माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही, आणि मला हलकं वाटलं. तुम्ही समोर होतात आणि मला हलकं वाटलं, बाबा.

तेरवीनंतर मी ते कपडे पुन्हा घातले नाहीत. कोणी विचारलं तर सांगते, वय होतं तेव्हाचं, नोकरी लागली आणि सुटलं. खरं म्हणजे ताठ मान माझी नव्हतीच. लाजेनं लाल झालेला एक माणूस शेजारी येऊन बसायचा, त्याच्यावर ती उभी होती.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं लिहून झाल्यावर मी ते पाठवलं नसतं. मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीनं तुमचा फोटो पाहायला मागितला. माझ्या मोबाईलमध्ये त्या लग्नाच्या पंगतीतला एक आहे, तो दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "बाबा किती साधे दिसतात तुझे. पण बाजूला ही कोण गं? भुतासारखी?" मी म्हटलं, "काय माहीत. नवरदेवाकडची असेल कोणीतरी."