हॉटडिशचं भांडं परत करताना

प्रिय आर्डिसताई,

तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल आणि चर्चमधली कॉफी पुन्हा तुम्हीच करू लागला असाल, अशी आशा करतो. (गेल्या रविवारी दुसऱ्या कुणीतरी केली होती. ती प्यायल्यावर प्रार्थना फार मनापासून झाली.) हे आभाराचं पत्र आहे. आमच्या घरात आभार मानायचं खातं सेहेचाळीस वर्षं तुमच्या बहिणीकडे होतं, मी नुसता खाली सही करायचो. मार्लिसला जाऊन आठ महिने झाले. तेव्हा माझं हे पहिलंच पत्र आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पहिले आभार तुम्ही भट्टीत भाजून आणलेल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशचे. बटाटे वरून छान कुरकुरीत होते, आणि ज्या परिस्थितीत ते टेबलावर पोचले ती पाहता चांगले गरमही होते. त्या परिस्थितीबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे. (मार्लिस म्हणायची, ऑरिनचे दोन शब्द होईपर्यंत लोकांची जेवणं गार होतात.)

बंदुकीशी माझं वैर नाही, हे तुम्ही जाणता. दर नोव्हेंबरला मी रायफल घेऊन रानात जातो आणि पन्नास वर्षं हरणांना अभय देऊन परत येतो. पण ड्युएनने ज्येष्ठांच्या भोजनगृहासमोर आपल्या बंदुकीच्या दुकानाचा तो भला मोठा फलक लावला: 'घरी एकटेच आहात? त्यांना ठाऊक आहे.' रोज दुपारी सूप पिता पिता मी तो वाचायचो. हे 'ते' म्हणजे कोण, ते काही उलगडेना. मी एकटा असतो हे ठाऊक असलेली माणसं गावात तीनच: तुम्ही, पाद्रीबुवा आणि पोस्टमन. त्यातल्या पोस्टमनचा मला संशय यायला लागला. माणूस जरा जास्तच हसतो. शेवटी मी पिस्तूल घेतलं. घेतल्यावर तर 'ते' आणखीच जवळ आल्यासारखे वाटायला लागले.

मग त्या मंगळवारी भरदुपारी स्वयंपाकघराचं दार न वाजवता उघडलं. ते दार न वाजवता कोण उघडतं हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, पण फलकाला माहीत नव्हतं, आणि त्या घडीला माझ्या डोक्यात फलक बसला होता. तुम्ही भांडं धरून उभ्या, मी पिस्तूल रोखून उभा. तुम्ही म्हणालात, "ऑरिन, ते खाली ठेव आणि टेबलावर काहीतरी घाल, माझे हात भाजताहेत!" दुसरे आभार या वाक्याचे. (पिस्तुलात गोळी नव्हती, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.)

गुडघ्यामुळे तुम्हाला गावसभेला येता आलं नाही, म्हणून तिथली हकीकत सांगतो. फलक ठेवावा की काढावा, हा विषय होता. ड्युएन उठला आणि म्हणाला, "अहो, फलक काय गोळी झाडतो का? घेणारी माणसं चांगली शहाणीसुरती आहेत," आणि शहाणपणाचा नमुना म्हणून त्याने माझ्याकडेच बोट दाखवलं! आता मला उठणं आलं. मी म्हटलं, "ड्युएन, तू बंदूक खुशाल वीक बाबा. तिचं वजन सांग, किंमत सांग. पण माझ्या दारात कोण उभं आहे, ते तू मला सांगू नकोस. तिथे आर्डिस उभी होती." (फलकाचा मजकूर बंदुकीच्या कंपनीने पाठवला होता म्हणे. नंतर ड्युएननेच मला गाडीने घरी सोडलं.)

पंचांच्या तीन विरुद्ध दोन मतांनी फलक हलवायचं ठरलं. मजकुराला हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही. आता तो दफनभूमीसमोर उभा आहे, जिथे कुणालाच चोराची भीती उरलेली नाही. मार्लिसला तो रोज वाचावा लागत असेल, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचा कृतज्ञ मेहुणा,
ऑरिन

ता. क. भांडं घासून पोस्टमनच्या हाती पाठवतोय. (भला माणूस आहे.) शेजाऱ्यापाजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा मार्लिसचा नियम. मला केक येत नाही. आत पिस्तुलाच्या पेटीची किल्ली आहे.

आणखी ता. क. गोळी होती. तुम्हाला खोटं सांगितलं, आणि सभेत खरं सांगायचा धीर झाला नाही. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार, कारण तेव्हापासून तुम्ही निघण्याआधी फोन करता, अंगणातून हाक मारता, आणि वर दारही वाजवता.

शेवटचा ता. क. मी कधी किल्ली मागायला आलो, तर देऊ नका, जेवायला वाढा. आणि ताई, गुरुवारी याल तेव्हा कृपा करून दार वाजवू नका.