एकाच नावाची वही

रामदासपेठ, नागपूर
सोमवार, दुपार

प्रिय भावना,

दिवसातून दोनदा फोनवर बडबडणाऱ्या हर्षाला आज पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला सगळं सलग सांगायचं आहे. चहा टाक, चष्मा शोध (फ्रिजवर असेल) आणि निवांत बस. तब्येत ठणठणीत आहे, आमच्या आयुषची परीक्षा बरी गेली, घरात सगळे सुखरूप आहेत. काळजीचं कारण नाही, निदान त्या अर्थानं नाही.

शनिवारी तुझ्याकडची पाटवडी जरा जास्तच झाली. उमरेडहून परतताना एसटीत खिडकीशी बसून मी सगळा रस्ता तुझ्या त्या शिकवण्याच्या घटकाचाच विचार करत होते. तीन वर्षं खपलीस तू त्याच्यावर. तुझ्या नववीच्या मुली आणि कळमन्याच्या बाजारालगतच्या शाळेतली मुलं, दोघांची मिळून एकच ऑनलाइन वही. तुझ्या मुलींनी सुतापासून लुगडं कसं होतं ते लिहायचं, कळमन्याच्या मुलांनी संत्र्यांचा लिलाव कसा होतो ते लिहायचं, मग एकमेकांच्या पानांवर प्रश्न विचारायचे आणि दोघांनी मिळून मजकूर सुधारायचा. कल्पना इतकी साधी आहे की ती मला सुचली नाही याचा राग येतो. बुधवारी जिल्ह्याच्या निवड समितीनं नामंजुरीवर शिक्का मारला की तो घटक यादीतून जाणार, आणि तुझे मुख्याध्यापक आठवड्याच्या त्या दोन तासिकाही काढून घेणार. तू हे हसत सांगितलंस, पण ताटातला भात चिवडत होतीस.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. नऊ वर्षं मी असे ऑनलाइन घटक तपासते आहे आणि मला माझं काम येतं, हे सांगताना मी लाजणार नाही. अशा वहीत कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, याची नोंद आपोआप राहते, प्रत्येक नावाला वेगळा रंग. मी आधी ती नोंद उघडते. शिक्षकाचं निवेदन अगदी शेवटी वाचते, कारण निवेदनात सगळेच गोड बोलतात. एका सरांच्या वर्गातल्या तीस मुलांनी ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दहा मिनिटांत सगळी उत्तरं लिहिलेली, म्हणजे सरांनीच बसून लिहिलेली, मी या नोंदीवरूनच पकडली होती. त्या दिवसापासून कार्यालयात माझा दरारा वाढला, आणि खरं सांगते, मीही थोडी शेफारले.

आपल्या बी.एड.चा सरावपाठ आठवतो? तुझ्याकडे तक्ता नव्हता, काही नव्हतं. तू नुसती मुलांना बोलतं करत राहिलीस आणि वर्गात बाजार भरला. निरीक्षक बाईंनी ‘वर्गनियंत्रण नाही’ असा शेरा दिला. तुझ्याऐवजी मी, ज्या मुलीचा त्या पाठाशी काडीचा संबंध नव्हता, बाईंच्या खोलीत जाऊन भांडले की तुम्ही मुलं काय बोलत होती ते ऐकलंच नाही. केवढी धिटाई होती तेव्हा माझ्यात. बाईंनी तुझे गुण वाढवले नाहीतच, वर माझेही कापले. तरी त्या दिवशी आपण दोघींनी सीताबर्डीवर जाऊन पोटभर भेळ खाल्ली होती.

तुझ्या घटकाला दोन गुप्त मूल्यमापक होते. पहिल्यानं मनापासून वाखाणलं. दुसऱ्यानं लिहिलं, ‘सहयोग केवळ नावापुरता. उमरेड गटातील सर्व लेखन एकाच विद्यार्थिनीचे असून इतर चौघींचा सहभाग शून्य. शिफारस नाही.’ फोनवर हे तू मला वाचून दाखवलंस आणि ‘शून्य’ हा शब्द दोनदा वाचलास. मी म्हणाले, जाऊ दे गं, समितीची माणसं अशीच असतात. मग मी आयुषच्या क्लासचा विषय काढला. तुला तेव्हा ते खटकलं असेल.

शनिवारी जेवणानंतर तू मला त्या विणकर अंजनाबाईंच्या घरी नेलंस. मागाच्या खोलीत जमिनीवर पाच मुली आणि मधोमध अंजनाबाईंचा एकुलता मोबाइल, त्यावर त्यांच्या पिंकीच्या नावाचं खातं. घटक बंद पडायची वेळ आली तरी त्या लिहीतच होत्या! कळमन्याची मयुरा स्पीकरवर विचारत होती, ‘पण सुताले खळ काहून लावता? नाही लावली तं काय होते?’ मग खुशी उठली, जी वर्गात तोंड उघडत नाही असं तू म्हणतेस ती. तिनं खळ लावलेलं एक सूत आणि कोरं एक सूत आणलं, दोन्ही बोटाला गुंडाळून ओढली, आणि कोरं सूत तटकन तुटल्यावर फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, ‘आयकलं का वं? हे असं होते.’ त्यावर जे भांडण लागलं! एक म्हणे तुटते लिहा, दुसरी म्हणे घासून घासून तुटते असं लिहा, अंजनाबाई माग थांबवून तिसरंच सांगायला लागल्या. शेवटी पिंकीनं एक वाक्य टाइप केलं. सवयीनं मी घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं, सहा डोकी, एक वाक्य. नोंदीत दिसणार ते एकाच नावाचं, एकाच रंगात.

तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा खुशीनं मला विचारलं, ‘मॅडम, लिहिते पिंकी, पन भांडतो तं आमी साऱ्या. मंग आमाले शून्य काहून?’ अंजनाबाई मागावरूनच म्हणाल्या, ‘एक डाव येऊन पाहाले पायजे होतं त्या तपासनाऱ्यानं.’ मी समोरचा चिवडा खात राहिले. तू आलीस आणि म्हणालीस, चल, बस चुकेल.

भावना, तो दुसरा मूल्यमापक मी आहे. नावं झाकलेली होती, पण सुताचं पहिलं पान वाचतानाच मला कळलं होतं की हे तुझं काम. तेव्हाच मी ते परत पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. मैत्रिणीला झुकतं माप दिलं असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून मी तुला इतर कोणाहीपेक्षा कडक तपासलं आणि त्याला प्रामाणिकपणा समजले. पिंकीचा एकच रंग दिसला तसा निकाल लिहून मोकळी झाले, तुझं निवेदन उघडलंच नाही. ते काल सकाळी उघडलं. दुसऱ्याच ओळीत तू लिहिलं आहेस, ‘पाच मुलींत एकच मोबाइल आहे, म्हणून नोंदीत एकच नाव दिसेल, कृपया मुलींशी बोलावे.’ चूक माझी आहे, पद्धतीची नाही, आणि ती दुरुस्त करता येते याची मला खात्री आहे. आज सकाळी मी माझा अहवाल मागे घेतल्याचं पत्र समितीला दिलं, कारणासकट. हे पत्र आजच संध्याकाळच्या एसटीनं पाठवते आहे. बुधवारी अकराला बैठक आहे, पाचही मुलींना घेऊन ये. त्यांचं म्हणणं ऐकायचं समितीनं कबूल केलं आहे, त्यांच्याआधी मी माझं सांगणार आहे. फोन केला असता तर माझं निम्मं ऐकून तू मला माफ करून टाकलं असतंस, मला तसं नको आहे. आधी माझ्यावर चांगली चीड. मूल्यमापकाच्या अर्जावर एक रकाना असतो, ‘घटक तयार करणाऱ्याशी परिचय आहे काय?’ मी तिथं ‘नाही’ लिहिलं होतं. आज ते खोडून सही करून लिहिलं, ‘होय, बावीस वर्षे. माझी मैत्रीण आहे.’ त्यातलं ‘आहे’ हे मी तुला न विचारता लिहिलं आहे.

तुझीच,
हर्षा