तुळजापूरला जाऊन येईपर्यंत

३ डिसें.
लग्नाला नऊ दिवस झाले. आमच्यात जोडीनं तुळजापूर केल्याशिवाय नवरा-बायकोनं एका खोलीत झोपायचं न्हाय. साखर कारखाना चालू, उसाच्या वजनकाट्यावरून सुट्टी मिळंना, असं घरात सांगितलंय. मागितली कुठंय? आई म्हणाली, "देवीला थांबवतोस व्हय रं?" बायकोनं, मनीषानं, भाकरीवरून मान वर केली न्हाय.

११ डिसें.
दुपारी परंड्याला, अ.च्या टायरच्या दुकानात. नाव पुरं लिहायची इथंबी हिंमत न्हाय. आठ वर्षं झाली आमच्या ह्या नात्याला. अर्धं शटर खाली, कान बाहेर. उरकलं, एवढंच. नंतर दोन मिनिटं त्यानं डोक्यावर हात ठेवला, त्यानंच पोट भरतं. त्याला दोन लेकरं. "लग्न तुलाबी जमंल," म्हणाला. लई राग आला.

२० डिसें.
मेहुणा गाडीच घेऊन आला. तुळजापूर झालं. आता निमित्त संपलं.

२२ डिसें.
डोळे मिटून, अ.ला मनात आणून... अंगानं साथ दिली. नंतर न्हाणीत बसून रडलो. मनीषाला वाटलं पोट बिघडलं. ओवा आणून दिला.

१९ जाने.
त्यानंतर एकदाबी न्हाय. डॉक्टर म्हणाले, टेन्शन हाय. गोळ्या दिल्या. "समाधान होतं का?" त्यांनी विचारलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. "व्हय," म्हणालो. गाढव मी.
अ.जवळ भीती, घाई. मनीषाजवळ दोन्ही न्हाय, पण तिला मी कोण तेच ठाऊक न्हाय. मग समाधान कुठनं यायचं?

२ फेब्रु.
मनीषा म्हणते, दर्शनाला उशीर केला, देवी कोपली. मंगळवारी अनवाणी तुळजापूरला चालत जाणार. "तुमचा दोष न्हाय वो, माझंच कायतरी कमी पडतंय." मी म्हणालो, "ऊन लागंल." थू माझ्या जिंदगीवर.

मंगळवार
ती वहिनीसोबत पहाटं ढोकीतनं निघाली. दुपारी काट्यावर तिचा फोन आला. येडशीच्या पुढं गेल्यात, पायाला फोड.
"जेवला का तुम्ही?"
"परत ये. देवी कोपली न्हाय."
मग म्हणाली, "तुम्हाला कसं ठाऊक?"
"घरी ये. सांगतो."
"आता मागं फिरले तर नवस मोडंल. आल्यावर सांगा."
उद्या संध्याकाळपर्यंत येईल. काय सांगायचं ते चारदा लिहिलं, चारदा खोडलं.