कांची पाहून आलो

१४ जाने. २००२
डॉक्टर स्पष्ट बोलले. ह्यांचं विसरणं आता वाढतच जाणार. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, कांचीपुरमच्या बुद्धविहारांवर पुस्तक लिहायला घेतलं, आणि कांची काही पाहिली नाही. दर सुट्टीत काहीतरी निघालं. नणंदेचं लग्न, मग माझं ऑपरेशन. आता नेतेच.

२ फेब्रु.
सुजाता फोनवर चिडली. "आई, बाबांना कळणार आहे का काही?" म्हटलं, मला कळेल की.

९ फेब्रु., कांची
गोपुरं, रेशमाची दुकानं, गर्दी. तेराशे वर्षांपूर्वी चिनी प्रवासी आला तेव्हा इथं विहारच विहार होते, हे लग्नानंतर ह्यांनीच सांगितलेलं. आता एकही दिसत नाही. देवळांच्या आवारात सुट्या मूर्ती तेवढ्या. एका देवीच्या देवळामागं बसलेला बुद्ध सापडला. नाक झिजलेलं, मांडीवर कुणीतरी कुंकू वाहिलेलं. ह्यांच्या पुस्तकात ह्या मूर्तीवर पानं आहेत.
ह्यांनी विचारलं, "कुणाची मूर्ती हाय?"
"बुद्धाची की हो. कांचीला आलोय आपण."
हात जोडले. बराच वेळ तसेच उभे. मला वाटलं, आठवतंय. मग माझ्याकडं वळून, अगदी अदबीनं, "पावणं, तुम्ही कुठनं आलाय?"
कोल्हापूरहून, म्हटलं. दुसरं काय सांगणार.

३ मार्च
संध्याकाळी ह्यांचंच लिखाण वाचून दाखवते. आज कांचीतून भिक्षू समुद्रापार गेले ते प्रकरण. मान डोलावत ऐकलं.
"ब्येस लिवलंय. कुणी?"
तुम्हीच.
"न्हाय. मला न्हाय जमायचं."
कुरुंदवाडची लहानपणची बोली परत आलीये. कॉलेजात कधी बोलले नाहीत. प्रकरण अर्ध्यातच थांबतं. पुढचं त्यांच्या डोक्यात होतं, आणि मला—

१७ मे
दार उघडं राहिलं. शेजाऱ्यांना पंचगंगेच्या घाटावर सापडले. अनवाणी. तळपाय भाजलेत.

२ जून
सुजाता आलीये. पुण्यात अशा विसरणाऱ्यांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवलीये, उद्या तिला उत्तर हवंय. "आई, अशानं तू आधी जाशील." खरंच असेल. वाचन बंद केलंय, ते ऐकेनात.
दुपारी ह्यांच्याजवळ बसले. विचारलं, पुण्याला राहाल का? करमेल तिथं?
नीट विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "माझं काय न्हाय, बाई. तुमच्या मालकास्नी इचारा."