वळतानाचा श्वास

रवि. ८ जाने. ७८
सुटलो एकदाचा. आज सिन्नरच्या संघाविरुद्ध मिलिंदने चढायांत नऊ गडी मारले, शेवटच्या चढाईत तर एकदम दोन. मंडळाची पोरं त्याला खांद्यावर घेऊन विहारापर्यंत नाचत गेली. चार महिने जो भेटेल तो ऐकवत होता, "भाच्यासाठी दौलतला बसवलंत." बसवलं. बैठकीत मीच हट्ट धरला होता, नाकारत नाही. दौलत माझा दोस्त, दहा वर्षं मंडळाचा पहिला चढाईवाला. त्याच्या जागी निफाडकडच्या खेड्यातनं आलेलं माझ्या बहिणीचं पोरगं. आता निदान आठवडाभर कोणी काही बोलणार नाही. मंडळातला गांगुर्डे टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "हिरा आहे हिरा! सुधारला पोरगा." चहाही त्यानेच पाजला. हे दुसरं नवल.
अक्काला पत्र टाकायचं.

मंगळ. १० जाने.
फर्स्ट शिफ्ट. सुटल्यावर टपरी. वाद तोच, मि. खरंच सुधारलाय का? जाधव मास्तर (शाळेत गणित शिकवतात, कशालाच पूर्ण मार्क देत नाहीत): "सिन्नरवाले कच्चे होते. समोर खमकी पकड असती तर कळलं असतं." गां. उसळला, "मास्तर, तुम्हाला कोणाचं चांगलं बघवतच नाही." अर्धा तास चाललं. मी गप्प. जिंकणाऱ्याच्या मामाने गप्प राहावं, शोभून दिसतं.

रवि. २२ जाने.
लिहू की नको. लिहितोच, ही वही कोण वाचणार आहे.
आज उशिरा पोचलो, खुर्ची मिळाली नाही, म्हणून मध्यरेषेच्या टोकाशी खाली मातीत बसलो. मि. हातभर अंतरावरून जात होता. जाताना कबड्डी कबड्डी खणखणीत. पण परत फिरताना, मान वळली की एक घोट श्वास घेतो. अगदी बारीक. लोकांच्या आरडाओरड्यात पंचाला ऐकू जात नाही. आधी वाटलं माझाच कान. मग पुढच्या तीन चढाया डोळे मिटून ऐकल्या. तिन्हींत तेच.
दम तुटला की गडी बाद. म्हणजे सिन्नरचे ते नऊ...
प्रेसमध्ये छापलेल्या कागदांतले डाग शोधायचा पगार घेतो मी. घरातला डाग दिसायला इतके दिवस लागले.
जिंकलो. गां.ने पेढे वाटले. एक खाल्ला.

सोम. २३ जाने.
शांताला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मग त्याला विचारा की. माझ्याकडे काय बघता?"
एवढं सोपं असतं तर. एप्रिलमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी. जिल्ह्याकडून खेळला तर पुढे खेळाडू म्हणून नोकरीचं काही जमू शकतं, अक्काने त्यासाठीच त्याला माझ्याकडे धाडलंय. तिथले पंच रेषेवर वाकून दम ऐकतात. पहिल्याच चढाईत बाहेर काढतील. आणि आत्ता बोललो तर पोरगं बावरेल, आहे तेही जाईल.
विचारलं नाही.

रवि. ५ फेब्रु.
पुन्हा जिंकलो. मी पुन्हा रेषेपाशी. पुन्हा तेच. आज मास्तरसुद्धा म्हणाले, "मान्य. सुधारणा आहे." मास्तरांकडून मान्य ऐकायला पाच महिने तरसलो, आणि ऐकलं तेव्हा मान वर करवेना.

रवि. १२ फेब्रु.
मॅचनंतर स्टेशनच्या रस्त्याला दौलत भेटला. सायकल हातात, पंक्चर. त्याला बसवल्यापासून नीट बोलणं नव्हतं. थोडा वेळ दोघं सायकलच्या दोन बाजूंनी चालत राहिलो.
"तुला ऐकू आलं ना?" तो म्हणाला. कशाबद्दल ते बोलला नाही.
"आलं."
"मला पहिल्या दिवसापासून येतंय."
"मग बोलला का नाहीस?"
"बोललो असतो तर म्हणाले असते, जागा गेली म्हणून जळतोय."
खरं आहे. सगळ्यात आधी मीच म्हणालो असतो.

बुध. १५ फेब्रु.
सांगितलं.
संध्याकाळी तो दारात पाय धूत होता. म्हटलं, मिलिंद, वळताना दम तोडतोस तू. वाटलं चिडेल, नाहीतर सरळ नाही म्हणेल. तांब्या खाली ठेवून सहज म्हणाला, "म्हाईत हाय ना मामा. तुम्ही दर रविवारी रेषेपाशीच बसता. काय बोलला नाय, म्हनून मला वाटलं चालतंय."
चार रविवार. मी समजत होतो, पोरगं बावरू नये म्हणून गप्प आहे. खरं म्हणजे मला पेढे गोड लागत होते.
मग तोच म्हणाला, "वळताना लय भ्या वाटतं. पाठ फिरली की कोन पाय धरंल कळत नाय. तवा आपसूक घेतला जातो."
त्याला म्हटलं, चूक माझी पण आहे. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. पण छातीवरचं ओझं उतरलं.

गुरु. १६ फेब्रु.
इतका गाढ झोपलो की शांताने हलवून उठवलं. भोंगा चुकता चुकता राहिला.
संध्याकाळी मि.ला घेऊन दौलतकडे. दौलत दारातच, "माझ्याकडे कशाला आणलंस?" मि.ने जयभीम घातला आणि खाली बघत उभा राहिला. दौलतने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग चपला घातल्या.
कॉलनीच्या रस्त्यावर दिव्याचे खांब आहेत ना, त्यांच्यावर शाळा सुरू. पहिल्या खांबापासून दम घालायचा, हळू धावत. प्रत्येक खांबाशी मान वळवून मागे बघायचं, दम न तोडता. तुटला की थांब, परत पहिल्या खांबाला ये. आज दुसऱ्या खांबाशी मान वळवली आणि तुटला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तिथेच.
दौलत म्हणाला, "खोड पायात नाही, मानेत आहे."

रवि. २६ फेब्रु.
हरलो. मि. तीनदा रिकाम्या हाताने परत आला, दोनदा पकडला गेला. आता चोरून श्वास घेत नाही, मग आत फार थांबता येत नाही. लवकर फिरावं लागतं.
टपरीवर गां.: "डोक्यात हवा गेली. कसला हिरा, काच निघाली काच." सात आठवड्यांत हिऱ्याची काच केली पठ्ठ्याने. मास्तर: "मान्य म्हणालो ती माझी घाई झाली."
ओठावर आलं होतं, अरे बाबांनो, खरा सुधारतोय तो आत्ता. पण हे सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागतं. चहा अर्धा टाकून उठलो.

गुरु. ९ मार्च
पहाटे साडेपाच, खांब. आज तिसऱ्याच्या पुढे गेला. शेजारच्या बाईंनी शांताला विचारलं, "तुमचा भाचा कसला मंत्र म्हणतो हो रोज?" शांता स्वतःच आता दळण घेऊन निघाली की पुटपुटत असते. विचारलं तर म्हणते, "तिसऱ्या खांबापर्यंत माझा पण पोचतो." पुष्कळ दिवसांनी दोघं हसलो.

रवि. १९ मार्च
हरलो. दोन गुणांनी.
अक्का आली, पिशवीभर द्राक्षं घेऊन. टेकायच्या आतच, "स्टँडावर एक जन म्हनत व्हता, तुमच्या पोराचा खेळ पडला. खरं हाय का रे?"
"नाही अक्का."
"मंग हारतो कशापायी?"
सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. ती द्राक्षांचे देठ काढत होती, मान वर केली नाही. शेवटी एवढंच, "चोरून दम घिऊन कुठवर जाईल त्यो. बरं केलं." मग थोड्या वेळाने, "पन तू येवढं दिस का थांबला?"
तिला पेढ्यांचं सांगितलं नाही.

शनि. १ एप्रिल
पाचवा खांब. मान वळवून, स्वच्छ.
उद्या मंडळाची बैठक. मि.ला विचारलं, सांगू का सगळ्यांना? म्हणाला, "सांगा. मलाच सांगायचं व्हतं, पन माझं कोन ऐकंल?"

रवि. २ एप्रिल
बैठकीत गां.ने ठराव मांडला, जयंतीच्या सामन्याला दौलतला परत घ्या, मि.ला बसवा. माना हलल्या. दौलत उठला. "मी खेळणार नाही. तो खेळेल. सुधारलाय."
गां.: "कुठे दिसतंय?"
"दिसत नाही. ऐकू येतं."
सगळे खो खो हसले. मग मी उठलो. सिन्नरचे नऊ गडी, माझे चार रविवार, पहाटेचे खांब, सगळं सांगून टाकलं. गां.चं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "आणि ते पेढे?"
वाटलं आता मामा-भाचे दोघांनाही हाकलतात. तर मास्तर बोलले. मास्तर! "कॉपी सोडली की पोरगं आधी नापासच होतं. आयुष्यभर बघतोय मी. त्यानंतर पास झालं तर ते खरं. खेळू द्या त्याला."
हात वर झाले. थोडक्यात वाचलो. घरी येऊन दोन वेळा जेवलो म्हटलं तरी चालेल.

शुक्र. १४ एप्रिल
जयंती. विहारापुढे सामना, बरोबरीत सुटला. मि.चे चार गडी. चारच, पण एकाही चढाईत मान वळताना दम हलला नाही.
गंमत वेगळीच. अख्खी टपरी आज खुर्च्या सोडून रेषेपाशी मातीत बसलेली, कान पुढे करून. मि. चढाईला गेला की गां. उभा राहून गर्दीवर खेकसायचा, "ए, गप बसा रे! ऐकू द्या!" ढोलवाल्यालासुद्धा थांबवलं. पाहुण्यांच्या कप्तानाने मला विचारलं, तुमच्याकडे मॅचला कोणी ओरडत नाही का?

रवि. २३ एप्रिल
निवड चाचणी. ऊन असं की पांढरी फक्की मारलेल्या रेषा डोळ्यांत घुसत होत्या. मी, दौलत, गां. कुंपणापाशी.
पहिल्या दोन चढाया साध्या. तिसरीत फिरला आणि मागनं एकाने घोटा धरला. नेमकी तीच जागा, ज्याचं त्याला भय. दुसरा कमरेला, तिसरा वर पडला. मध्यरेषा दोन हात लांब. पंच पार जमिनीपर्यंत वाकलेला, कान मि.च्या तोंडाशी. मला बघवेना. डोळे मिटले.
कबड्डी कबड्डी. मातीतनं येत होतं, बारीक, घासत, पण सलग. कुठेही फट नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग शिट्टी. डोळे उघडले तर बोटं रेषेवर, आणि पंचाचा हात त्याच्या बाजूने वर. तिघं बाद.
रडलो. दौलतने न बघताच रुमाल पुढे केला. त्याचा आधीच ओला होता.
मालेगावकडचा एक चढाईवाला मि.पेक्षा सरस वाटला, खोटं कशाला लिहू. जागा थोड्या. यादी आठेक दिवसांत.
बसमध्ये मि. म्हणाला, "मामा, वळताना भ्या वाटलं. पन श्वास नाय घेतला."
म्हटलं, ऐकलं मी.

गुरु. २७ एप्रिल
यादी नाही. टपरीवर गां. म्हणतो जाणार म्हणजे जाणार, मास्तर म्हणतात सांगता येत नाही. मला विचारलं. म्हटलं, जिल्ह्याचं त्यांचं ते बघतील, पोरगा सुधारलाय. चहा पूर्ण प्यालो.
आज पहाटे जाग आली तेव्हा तो पहिल्या खांबाशी होता. आता चाचणी झाली, दौलतही येत नाही, कोणी सांगितलेलं नाही, तरी निघालाच. खिडकीत उभं राहून मी पण श्वास धरला, गंमत म्हणून. तो दुसऱ्याला वळला, तिसऱ्याला वळला. चौथ्याला माझ्या कानात घणघणायला लागलं. पाचव्याला मी गज धरून हाऽ करून श्वास सोडला. शांता आतनं, "काय झालं?"
काही नाही म्हटलं. त्याचा दम अजून ऐकू येत होता, सहाव्याच्या पुढनं.