बियासाठी ठेवलेली झुकिनी

१० नोव्हेंबर २०२५
सात बिया. गोळ्यांच्या बाटलीत, राखेत. बाटलीवर यांच्या अक्षरात — 'झुकिनी, बी, फेब्रु. २०२३'. त्यानंतरचं काही नाही. पेरायचं म्हणजे काय हेच यांना कळेनासं झालं. माझं नावही विसरले, यंदाच्या फेब्रुवारीत.

सतरा वर्षं हे एकच बी यांनी घरामागच्या परड्यात चालवलं. दरवर्षी एक फळ बियाला ठेवायचं, पुढच्या थंडीत तेच पेरायचं. मी कायम नावं ठेवली — पाणचट भाजी, दोडक्याचीसुद्धा सर नाही! आता पेरायला बसले तर एकेक बी दोनदा मोजते. या सात गेल्या की संपलं.

ऐश्वर्या फोनवर म्हणाली, "आई, ऑनलाइन मिळतं की बी!" लेक पुण्यात राहून शहाणी झाली आहे. ऑनलाइनचं बी बाबांच्या हातचं असतं का? झाड बघून यांना काही आठवेल, असं वेडं मनात आहे. तिला सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर
दोन उगवल्या. पाच कुजल्या. पाणी जास्त झालं — मीच घातलं.

२ डिसेंबर
एक रोप गोगलगायीनं फस्त केलं. मिठाची पुडी घेऊन गेले आणि तशीच परत आले. जीव मारवत नाही. उचलून कुंपणापलीकडं ठेवली. खाऊन टुम्म झाली होती! आता एकच रोप.

२७ डिसेंबर
मादीफूल उमललं! सहाला उठून नराचं फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, आतला पराग तिला लावला. हे असं करून घरात आले की म्हणायचे, "लगीन लावून आलो." आज लगीन मी लावलं.

यांना खुर्ची टाकून शेजारी बसवलं होतं. एकटक बघत होते. मला वाटलं, आता — आता काहीतरी बोलतील. बोलले. "पावणं, च्या घेतला काय?"

पावणं! एक्केचाळीस वर्षं संसार केला. आत जाऊन चहा टाकला, दुसरं काय करणार.

४ जानेवारी
फळ चांगलं लांबलंय. हिरव्यावर फिकट पट्टे, अगदी दरवर्षीसारखे. भाजीची असती तर आत्तापर्यंत काढली असती. बियाची म्हणून राहू द्यायची — सालीत नख जाईनासं होईपर्यंत. अजून महिना तरी.

यांचा एक नियम होता. चतुर्दशीला आम्हा जैनांत हिरवं खात नाहीत, तोडतही नाहीत. म्हणून आदल्या दिवशी हे सगळी भाजी काढून परडं रिकामं करायचे. फक्त बियाच्या फळाला लाल दोरा बांधलेला असायचा, तेवढं सोडायचं. घरातल्या कुणी चुकून काढू नये म्हणून. मीही दोरा शोधायला उठले होते. मग म्हटलं, कशाला? काढणारं आहे कोण आता!

११ जानेवारी
भुरी पडली. पानं पीठ सांडल्यासारखी पांढरी. नवीन कळी एकही नाही. ताक फवारलं.

शेजारची नाजिया कुंपणावरून म्हणाली, "काकू, ह्ये झाड काय टिकत न्हाय बगा." तोंडानं फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही. एकच फळ राहिलंय. तेवढं होईपर्यंत तग धर, बाबा.

१६ जानेवारी
गेलं.

मंदिरातून आले तर ओट्यावर झुकिनी. धुतलेली. शेजारी विळी मांडून ठेवलेली. हे बाजूला उभे, बाह्या ओल्या. मी ओरडले. नको ते बोलले. "माणूस तर गेलंच, आता बीपण घालवलंत!" — असं तोंडावर बोलले मी! ते फरशीकडं बघत राहिले.

चिरून बघितली. बिया पांढऱ्या, मऊ, बोटानं दाबल्या की नुसतं पाणी. एकही धरणार नाही. सतरा वर्षं यांनी सांभाळलेलं माझ्या हातात एका हिवाळ्यात संपलं. दिवस मावळायच्या आत यांना जेवायला वाढलं. त्याच झुकिनीची भाजी केली. सगळी खाल्ली यांनी. मी ताट वाढून घेतलं नाही.

१७ जानेवारी
सकाळी चहा दिला. कप बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं यांनी. "पद्मा, आज चतुर्दशी न्हवं? म्हणून काल काढली. दोरा न्हवता की गं तिला."

अकरा महिन्यांनी माझं नाव. आणि दोरा — खरंच बांधला नव्हता मी.